दुरुस्त केलेले फ्रेंच खणांचे कपाट पारखताना

नवअभिजात धाटणीच्या फ्रेंच खणांच्या कपाटाला फ्रेंच भाषेत ‘कमोड’ म्हणतात. मराठीत त्या शब्दाच्या वाट्याला जे आले आहे ते पाहता येथे खणांचे कपाट म्हणणेच बरे. जुने कपाट दुरुस्त करून विकायला ठेवताना सर्वाधिक मेहनत त्याच्या दर्शनी बाजूवर घेतलेली असते आणि म्हणूनच खरेदीदाराने त्या बाजूसमोर फार वेळ घालवू नये. कपाटाचे वय, त्याचा मूळ दर्जा आणि दुरुस्ती करणाऱ्याची नियत या तिन्ही गोष्टी खणांच्या आत, पाठीमागच्या फळ्यांवर आणि वर ठेवलेल्या संगमरवरी पाटाच्या खाली कळतात.

शैली ओळखणे तुलनेने सोपे आहे. हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई येथील उत्खनने अनुक्रमे १७३८ आणि १७४८ मध्ये सुरू झाली. त्यानंतर प्राचीन रोमन वळणाची ओढ वाढत गेली आणि पंधराव्या लुईच्या काळातील फुगीर पोटाची, वाकड्या पायांची कपाटे मागे पडून सरळ रेषा, खाली निमुळते होत जाणारे पाय आणि त्यांवरील उभ्या पन्हळी रूढ झाल्या. सोळाव्या लुईची कारकीर्द १७७४ ते १७९२ अशी होती. मात्र त्याच्या नावाने ओळखली जाणारी ही धाटणी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतही मोठ्या प्रमाणावर घडवली गेली, आणि बाजारात दिसणारी बहुतेक कपाटे या नंतरच्या काळातलीच असतात. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त किंमत त्या काळाची असावी. फ्रान्समध्ये १९८१ च्या एका शासकीय आदेशानुसार विक्रीच्या कागदावरील ‘शैली’ हा शब्द वस्तूच्या काळाची कोणतीही हमी देत नाही, त्यामुळे पावतीवर ‘त्या काळातील’ असे लिहिले आहे की ‘त्या शैलीतील’, हे नीट वाचावे.

तपासणीची सुरुवात सर्वांत खालच्या खणापासून करावी, कारण त्याच्याकडे दुरुस्ती करणाऱ्याचे लक्ष सहसा कमी जाते. खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा आणि कोपऱ्यातील डव्हटेल सांधे, म्हणजे दोन फळ्यांचे पंख्याच्या आकाराचे दात एकमेकांत अडकवून केलेले जोड, पाहावेत. हाताने कापलेल्या सांध्यांचे दात किंचित लहानमोठे असतात आणि आखणीची बारीक रेघ अनेकदा लाकडावर तशीच राहिलेली असते. सगळे दात काटेकोर एकसारखे असतील तर ते यंत्राचे काम समजावे. तळाच्या फळीवर करवतीच्या खुणा अर्धगोलाकार असतील तर लाकूड गोल पात्याच्या यांत्रिक करवतीने कापलेले आहे, आणि तळ प्लायवुडचा असेल तर तो तळ विसाव्या शतकातला मानण्यास हरकत नाही. आतले लाकूड कोरडे, निस्तेज आणि ठिकठिकाणी वेगळ्या छटेचे दिसले पाहिजे. आतून सर्वत्र सारखाच गडद रंग फासलेला आढळला, तर काय झाकले आहे असे विक्रेत्याला सरळ विचारावे.

त्यानंतर खणाच्या दर्शनी फळीची आतली बाजू पाहावी. कड्या बसवलेल्या भोकांशेजारी बुजवलेली आणखी भोके असतील, तर कड्या बदललेल्या आहेत. ओतीव ब्राँझची कडी हातात जड लागते आणि तिच्या नक्षीच्या कडा धारदार असतात. पातळ पितळी पत्र्यातून ठोकलेली नक्षी मागून पोकळ असते.

व्हेनिअर हा या कपाटांचा खरा नाजूक भाग आहे. ओक किंवा पाइनच्या सांगाड्यावर महोगनीसारख्या लाकडाचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवलेला असतो. नखाने हलके टकटक करत पृष्ठभागावरून हात फिरवावा. जेथे आवाज पोकळ येतो तेथे पापुद्रा सुटलेला आहे. मग बॅटरीचा झोत पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा, म्हणजे समोरून न दिसणारी लांबीची (पुट्टीची) भरणी आणि घासून झालेले खळगे उठून दिसतात. अठराव्या शतकात हाताने कापलेला पापुद्रा आजच्या पापुद्र्यापेक्षा जाड असे, त्यामुळे फुटलेल्या कडेशी त्याची जाडी पाहण्यासारखी असते. दुरुस्तीत सरसच वापरला आहे का, हे विचारण्याचे कारण असे की सरस ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो. आधुनिक गोंदाने चिकटवलेला तुकडा पुढच्या कारागिराला सहसा मोडल्याशिवाय काढता येत नाही.

पॉलिश लाखेचे आहे की आधुनिक लॅकरचे, हे अतिनील दिव्याखाली बऱ्यापैकी कळते, कारण लाख नारिंगी छटेने चमकते. आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागाने हुरळून जाऊ नये. त्या झळाळीसाठी जुना थर खरवडून काढलेला असण्याची शक्यता असते आणि तो परत आणता येत नाही.

संगमरवर बहुधा स्वतःच्या वजनावरच टेकलेला असतो, म्हणून विक्रेत्याच्या संमतीने तो उचलून पाहावा. उचलताना दोघांनी आधी तो कडेवर उभा करावा आणि काचेच्या तावदानासारखा उभाच न्यावा, कारण आडवा धरल्यास तो मधोमध तडकू शकतो. जुन्या पाटाची खालची बाजू बहुधा खडबडीत असते. त्याखाली, पुढच्या खांबांच्या माथ्यावर, कारागिराच्या नावाचा शिक्का आणि ‘जे.एम.ई.’ ही पॅरिसच्या कारागीर संघाची अक्षरे असू शकतात. हा संघ १७९१ मध्ये बरखास्त झाला. राजाच्या सुतारांपैकी रीझनेरसारख्या नावाचा शिक्का दिसला, तर आनंद होण्याआधी शंका यावी, कारण शिक्के नंतरही मारले गेले आहेत.

घरी आणल्यावर कपाट हीटरपासून आणि थेट उन्हापासून दूर, शक्यतो ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवावे. खण अडखळत असतील तर रंधा न मारता घासणाऱ्या कडांवर पांढरी मेणबत्ती फिरवावी, आणि खण नेहमी दोन्ही कड्या धरून ओढावा. मुलामा असलेल्या कड्यांना पितळ उजळण्याचे द्रव्य कधीही लावू नये, आणि संगमरवरावर लिंबाचा किंवा व्हिनेगरचा थेंब पडल्यास तो त्याच क्षणी टिपून घ्यावा.