रुग्णाशी बोलायला शिकवताना: पहिला तास घेणाऱ्यांसाठी

२०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला ‘एटकॉम’ (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा अभ्यासक्रम) आलं आणि रुग्णाशी बोलणं हा रीतसर शिकवायचा विषय झाला. तो सभागृहात दीडशे मुलांना स्लाइड दाखवून उरकू नका. टाके घालणं नुसतं बघून येत नाही, तसंच हेही.

८ ते १० मुलांचा गट, दोन तास आणि एकच प्रसंग घ्या. एक जण डॉक्टर, एक जण रुग्ण. रुग्ण होणाऱ्याला अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या: वय, काम, घरी कोण, तक्रार आणि विचारल्याशिवाय सांगायची नाही अशी एक गोष्ट. उदाहरणार्थ, रक्तदाबाच्या गोळ्या महिन्यापूर्वीच बंद केल्यात. ही शेवटची ओळ नसली की प्रसंग पोकळ होतो आणि मुलं हसत सुटतात. सात मिनिटांनी थांबवा.

बघणाऱ्यांना कामं वाटून द्या. एकाने फक्त घड्याळ बघायचं: रुग्णाला पहिल्यांदा कधी तोडलं? १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी मोजलं, तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते. दुसऱ्याने डॉक्टरच्या तोंडचे इंग्रजी शब्द टिपायचे.

प्रसंग मराठीतच करा. केस इंग्रजीत मांडायची सवय असल्याने मुलं ‘ड्युरेशन किती?’ असं विचारतात, आणि मावशी गप्प बसतात. रुग्णाची भाषा कणकण, अंधारी, परसाकडे अशी असते. ‘चक्कर येते’ म्हणणाऱ्याला गरगरतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय की तोल जातोय हे विचारलंच पाहिजे, कारण तिघांची कारणं वेगळी. ‘अंगावरून जातं’ म्हटलं तर पांढरं की लाल? अखिल भारतीय कोट्यातून बाहेरच्या राज्यांतली मुलं येतात. त्यांना या शब्दांची यादीच द्या. आणि वयाने मोठ्या माणसाला ‘अरे-तुरे’ झालं, तर तिथेच थांबवा.

‘समजलं ना?’ या प्रश्नावर बंदी घाला. त्याचं उत्तर कायम ‘हो साहेब’ असतं. त्याऐवजी: ‘मी नीट सांगितलं का ते बघू. घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, सांगा.’ परीक्षा डॉक्टरची राहते, रुग्ण ओशाळत नाही.

अभिप्रायाचा क्रम पाळा: आधी डॉक्टर झालेला, मग रुग्ण, मग बघणारे, शिक्षक शेवटी. एकच सुधारणा निवडा आणि तेवढा एक मिनिटाचा भाग पुन्हा करून घ्या. वेळ कमी पडला की नेमकं हेच गाळलं जातं, आणि खरं शिकणं तर इथेच होतं. त्यापेक्षा चर्चा कापा.

वाईट बातमी सांगणं पहिल्या तासाला नको. ते इंटर्न आणि निवासी डॉक्टरांसाठी ठेवा. वाईट बातमी सांगायच्या ‘स्पाइक्स’ या पद्धतीच्या सहा पायऱ्यांपैकी रुग्णाला आधीपासून काय ठाऊक आहे हे विचारण्याची पायरी सहज निसटते. आपल्याकडे तर मुलगा दाराशीच गाठून म्हणतो, ‘बाबांना सांगू नका.’ हा प्रसंग मुद्दाम बसवा: मुलाला भीती कशाची वाटते ते आधी ऐकायचं, मग बाबांनाच विचारायचं, ‘तपासणीचा निकाल तुम्हाला सांगू, की घरच्या कुणाला?’ ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारल्यावर १० सेकंद गप्प राहायचा सराव घड्याळ लावून घ्या. नवखे डॉक्टर ती शांतता सहन न होऊन लगेच केमोथेरपीचं बोलू लागतात, आणि त्यातलं काहीच रुग्णापर्यंत पोचत नाही.