माइकला हात लावण्याआधी

माझ्याकडे आवाजाचं रेकॉर्डिंग शिकायला येणारा जो तो पहिल्या दिवशी माइककडे धावतो. मी त्याला हेडफोन लावून रिकाम्या बूथमध्ये दोन मिनिटं गप्प बसवतो. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची गुणगुण, स्वतःच्याच शर्टाची सळसळ, सगळं ऐकू येतं. यातलं बंद होण्यासारखं आधी बंद करा. नंतर सॉफ्टवेअरने साफ करायला गेलात, की बोलणाऱ्याचा आवाजही खरवडला जातो.

कंडेन्सर माइक, म्हणजे स्टुडिओतला बारीक आवाजही टिपणारा माइक, असेल तर त्याला बहुधा ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज, लागते. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा तिरका ठेवा, म्हणजे ‘फ’, ‘भ’ म्हणताना फुटणारी हवा बाजूने निघून जाते. तपासायला मी ‘फटफटी भरभर पळाली’ म्हणायला लावतो. माणूस हसतो, सैल होतो. तेही हवंच असतं.

चाचणीत सगळे हळू बोलतात आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की जोर चढतो. म्हणून सर्वांत चढ्या आवाजातलं वाक्य म्हणवून गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावा. मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे; शून्याच्या वर गेला की आवाज फाटतो. आवाज २४ बिटच्या बारकाईने साठवत असाल, तर वर एवढी मोकळी जागा सहज परवडते.

व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, आणि कॅमेऱ्यासमोर एक टाळी, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर तिच्यावरून जुळवता येतात. एकदा मी टाळी विसरलो आणि दीड तासाच्या मुलाखतीचा आवाज ओठ बघत जुळवण्यात रात्र गेली.

उठण्याआधी अर्धा मिनिट कोणी हलू नका. रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये वाक्यांमधली भोकं त्यानेच बुजवायची असतात.