कौटुंबिक पटकथा मध्येच रेंगाळते? या चुका टाळा

निफाडकडची द्राक्षबाग, दोघे भाऊ, सासरी गेलेली बहीण आणि वाटणी. माझी पहिली पटकथा ही अशी. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा हिशेब ठाऊक असूनही मी पहिली २२ पानं माणसांची ओळख करून देण्यात घालवली. आजीची मिश्री, वहिनीचा फराळ, सगळं आलं. हक्कसोड पत्राचा, म्हणजे बहिणीने मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याच्या कागदाचा, विषय निघाला थेट सत्तराव्या पानावर. तोवर प्रेक्षक पॉपकॉर्न आणायला गेलेला असतो.

गुपित शेवटी फोडायचा मोह आवरा. तोच कागद मी दहाव्या पानावर आणला. भाऊबीज, ताईच्या पुढ्यात साडी आणि साडीखाली हक्कसोड पत्राचा मसुदा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला २००५ पासून मुलाइतकाच हक्क आहे, म्हणजे सही करायची की नाही हे तीच ठरवणार. आता वहिनीने साधी चकली पुढे केली तरी प्रेक्षक ताईच्या हाताकडे बघतो.

दुसरी चूक, ‘सहा महिन्यांनंतर’ अशी पाटी. अहो, बाग आहे ना घड्याळ लावायला! ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने. फुलोऱ्यात पाऊस आला तर गळ आणि कूज, पिकताना आला तर मणी तडकतात. फक्त अवकाळीने भावांचं भांडण मिटवू नका. पावसाने पेच वाढवायचा, सोडवायचा नाही.

मध्यंतराला भांडण ठेवणं हा तर आपल्याकडचा रोगच. आरडाओरड होते, दुसऱ्या दिवशी सगळे परत एकाच पंगतीला. तिथे मागे घेता न येणारं काहीतरी हवं. भावांनी परस्पर वाटणीचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतला बदल, टाकलाय आणि नोटिशीच्या १५ दिवसांतल्या शेवटच्या दिवशी ताई तलाठ्याकडे हरकत देते. संवाद एकही नाही, नुसता पोच घेतलेला कागद.

‘ये, बस, चहा घेणार?’ हे सरळ कापा.

मग प्रत्येक सीनसमोर लिहा, सही जवळ आली की लांब गेली? रामकुंडावरच्या दशक्रियेची माझी ११ पानं या प्रश्नापुढे कापली गेली. जीव तुटला. त्यातलं आत्याचं एकच वाक्य उचलून भाऊबीजेत टाकलं: “आधी तिला जेवू घाल, मंग काय मागायचं ते माग.”