मॉडेल इंजिनावर काजळी आणि धूळ चढवण्यासाठी खडूची भुकटी

नव्या रेल्वे मॉडेलची प्लॅस्टिकी चकाकी घरच्या लेआउटवर, म्हणजे छोट्या रुळांच्या मांडणीवर, खोटी वाटते आणि एअरब्रश (रंगाचा बारीक फवारा मारणारे उपकरण) घेणे प्रत्येकाला परवडत नाही. यावर सॉफ्ट पेस्टल खडूंची भुकटी हा स्वस्त व उत्तम उपाय आहे. तेलकट पेस्टल मात्र चालत नाहीत.

खिडक्या व दिवे मास्किंग टेपने झाकून बॉडीवर मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, वार्निशचा पातळ फवारा मारावा, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर भुकटी टिकत नाही. तो पूर्ण वाळल्यावर काळा, करडा आणि विटकरी खडू बारीक पॉलिश पेपरवर घासून वेगवेगळी भुकटी करावी आणि मऊ, कोरड्या ब्रशने चिमूटभरच घेऊन लावावी. डब्ल्यूडीएम-३ए सारख्या, अल्को या अमेरिकी कंपनीच्या रचनेवर आधारित भारतीय डिझेल इंजिनाच्या छतावर धुराड्याभोवती काजळी सर्वांत गडद ठेवावी आणि ती पुढे व मागे दोन्हीकडे विरत न्यावी, कारण ही इंजिने दोन्ही दिशांना धावतात. बोगींवर (इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटींवर) विटकरी व करड्या भुकटीचे मिश्रण शोभते. बाजूंवर ब्रश नेहमी वरून खालीच ओढावा, म्हणजे पावसाच्या ओघळांचा हुबेहूब भास होतो. १:८७ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या मॉडेलवर, जाड ओघळ लगेच डोळ्यांत खुपतो. शेवटी पुन्हा वार्निशचा हलका फवारा द्यावा. त्याने भुकटी फिकट पडते, म्हणून ती आधीच किंचित गडद लावावी.

चाकांची रुळाला टेकणारी कड आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या यांवर भुकटी किंवा वार्निश अजिबात जाऊ देऊ नये, अन्यथा इंजिन अडखळत चालते.