24 एप्रिलला आर्मेनियाबद्दल बोलायचं असेल तर

सोलापुरात चार माणसं जमवून आर्मेनियन नरसंहाराबद्दल बोलायचं असेल तर आधी नकाशा आणा, मोठा आणा, कारण अनातोलिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग, म्हटलं की कुणाच्या डोळ्यासमोर काही येतच नाही. सुरुवात इस्तंबूलपासून करा, 24 एप्रिल 1915 ला तिथं आर्मेनियन लेखक, डॉक्टर, पुढारी पकडले, मग उस्मानी, म्हणजे त्या वेळच्या तुर्की साम्राज्याच्या, सरकारनं आर्मेनियन लोकांची गावंच्या गावं बायकापोरांसकट सिरियाच्या वाळवंटाकडं चालवत नेली, पार देर एझ झोरपर्यंत, वाटेत कत्तली, भूक, तहान. आपल्याकडं एप्रिलचं ऊन कसं असतं माहितीय ना, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. मेलेल्यांचे अंदाज 6 लाख ते 15 लाख असे आहेत, ते तसेच सांगा, एकच आकडा ठोकून देऊ नका.

हा नरसंहारच होता अशी मान्यता कुणी कधी दिली, ते पटकन उरकलं तरी चालेल: उरुग्वे 1965, फ्रान्स 2001, जर्मनीची संसद 2016, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन 2021. तुर्कस्तान लोक मेले हे मानतं पण नरसंहार हा शब्द नाकारतं, हेही सांगायचंच. आणि प्लीज, आर्मेनियन ख्रिस्ती आणि सरकार मुसलमानांचं म्हणून कुणी विषय धर्मावर न्यायला लागलं तर तिथंच थांबवा, त्या वाळवंटात कित्येक अनाथ पोरांना मुसलमान अरब घरांनीच आसरा दिला होता.