कोकणात किट कारचा एक्झॉस्ट खाली घासतोय? गाडी उचलायच्या आधी हे करा

सेव्हन टाइपची बुटकी किट कार (सुटे भाग आणून स्वतः जोडलेली, जुन्या लोटस सेव्हनच्या धर्तीची उघडी गाडी) घेऊन हायवे सोडून आत गावाकडे वळलात की दहा मिनिटांत खालून खर्रर्र आवाज येतो, आणि मग बघणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो, "गाडी उचल रे जरा". माझं मत विचाराल तर उचलणं हा शेवटचा उपाय. १९५७ च्या लोटस सेव्हनपासून या गाड्यांची सगळी मजाच खाली बसण्यात आहे, ती घालवून मग चालवायचं काय? आणि बहुतेक वेळा लागणारे १५-२० मिमी पाइपातच मिळतात, शोधावे लागतात एवढंच.

आधी नीट मोजा. सपाट कोब्यावर गाडी लावा, टाकी भरलेली, टायरात नेहमीची हवा, आणि दोन माणसं आत बसवा, कारण या गाडीचं वजनच पाच-सहाशे किलो, त्यात दोन धष्टपुष्ट माणसं बसली की ती चांगलीच खाली जाते. मग बॅटरी घेऊन खाली आडवे व्हा आणि सम्प (इंजिनाखालची ऑइलची तळी), बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं आवरण), प्रत्येक फ्लँज (दोन पाइप बोल्टने जोडायची चपटी कड), क्लॅम्पचे बोल्ट, सायलेन्सरचं पोट, सगळ्याची जमिनीपासूनची उंची लिहून काढा. सम्पच सगळ्यात खाली असेल तर एक्झॉस्टवर खर्च करण्याआधी सम्पचं बघा, पाइप घासला तर आवाज होतो, सम्प फुटला तर इंजिन जातं.

आता लागतं कुठे ते. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नियमाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा असायला हवा. सेव्हनचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साधारण २.२ मीटर, म्हणजे अशा गतिरोधकावर चारही चाकं वरच असतात आणि मधला फुगवटा जेमतेम ३६ मिमी आत येतो, १०० मिमी क्लिअरन्सची गाडीसुद्धा हळू गेली तर आरामात जाईल. पण गणपतीच्या आधी वाडीतल्या पोरांनी रातोरात घातलेला हातभर रुंदीचा सिमेंटचा उंचवटा नियमबियम जाणत नाही, तो पुढच्या नि मागच्या चाकांच्या मध्ये सापडतो आणि त्याची सगळीच्या सगळी उंची गाडीच्या पोटाला भिडते. तिथे तिरकं जा, एकेक चाक चढवत. दुसरी जागा फेरीबोट. दाभोळ-धोपावे असो की जयगड-तवसाळ, बोटीची फळी आणि जेटीचा उतार जिथे मिळतो तिथे मागच्या चाकामागचं शेपूट टेकतं. म्हणजे मधला पाइप आणि मागचा सायलेन्सर हे दोन वेगळे प्रश्न आहेत, उपायही वेगळे.

नक्की किती कमी पडतंय ते बघायला घट्ट कणकेचा गोळा घ्या. इंजिन थंड असताना संशयित फ्लँजच्या खाली चिकटवा, त्यावर प्लास्टिक लावा, आणि दोघांनी गाडी ढकलत त्या गतिरोधकावरून न्या. गोळा चेपून ८ मिमी उरला तर ८ मिमी जागा आहे, साफ खरवडून गेला तर काम करायलाच हवं. धक्क्यात गाडी आणखी खाली जाते, म्हणून ढकलताना निदान २५ मिमी तरी उरायला पाहिजे.

फुकटातले उपाय आधी. सायलेन्सर लटकवणारे रबर हँगर ताणलेत का, इंजिन माउंट (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर) दबून खाली बसलंय का बघा, जुनं माउंट बदललं की आख्खा पाइपच वर येतो. नंतर फ्लँज. दोन बोल्टचा फ्लँज उभा लावलेला असेल तर तो पाइपच्या खाली चांगला १५-२० मिमी लोंबतो, तोच आडवा फिरवून वेल्ड केला की तेवढी जागा परत मिळते. तीन बोल्टचा असेल तर सपाट बाजू खाली. जिथे जमेल तिथे फ्लँज काढून स्लिप जॉइंट (एक पाइप दुसऱ्यात सरकवलेला) किंवा व्ही-बँड (गोल पट्टीचा क्लॅम्प), क्लॅम्पचा नट वरच्या बाजूला.

एवढ्याने भागलं नाही तर पाइपचा आकार. अडीच इंची, म्हणजे ६३.५ मिमीचा पाइप चेपून ४५ मिमी उंच लंबगोल केला तर १८ मिमी वाचतात आणि आतलं क्षेत्रफळ साधारण १० टक्केच कमी होतं. अर्धा मीटर तुकडा एवढा केला तर ताकदीत फरक कळणारसुद्धा नाही. मात्र घणाने ठोकू नका, प्रेसवर वाळू भरून दाबून घ्या, नाहीतर मधेच खळगा पडून तिथेच गॅस अडतो. दुसरी युक्ती म्हणजे एका पाइपच्या जागी ४५ मिमीचे दोन शेजारी-शेजारी, दोघांचं मिळून क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. वेल्डिंग जास्त लागतं, पण मला हेच आवडतं, दिसतंही छान.

मागच्या सायलेन्सरचं पोट टेकत असेल तर तो आडवा, मागच्या एक्सलच्या मागे वर बसवा किंवा मुळातल्या सेव्हनसारखा बाजूने बाहेर काढा. बाजूने काढलात तर दाराशी जाळीचं गार्ड हवंच, उतरताना पोटरी भाजते. पेट्रोलची लाइन, ब्रेकची नळी, फ्लोअर यांच्यापासून लांब ठेवा, मध्ये पत्र्याची ढाल आणि तिच्यामागे बोटभर हवा. पाइपला कापडी पट्टी गुंडाळायचा मोह आवरा, आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा, ती पट्टी ओल धरून साधा लोखंडी पाइप बाहेरून गंजवून खाते. ३०४ स्टेनलेस परवडत असेल तर तेच घ्या, टिगने (अर्गॉन वायूच्या आवरणातलं वेल्डिंग) वेल्ड करताना पाइपच्या आतूनही अर्गॉन सोडायला सांगा.

स्टेनलेस तापलं की वाढतं बरं, दोन मीटर पाइप ४०० अंशांनी तापला तर १३-१४ मिमी लांब होतो, म्हणून हँगर रबराचेच ठेवा आणि मॅनिफोल्डनंतर (इंजिनातून निघणारे पाइप जिथे एकत्र येतात तो भाग) एक फ्लेक्सी, म्हणजे लवचिक जाळीदार तुकडा, टाका. ऑक्सिजन सेन्सर घड्याळातल्या दहा ते दोनच्या मध्ये, वरच्या बाजूला. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ३ मिमीचं भोक, पाणी निघून जातं.

तरीही कधीतरी घासणारच, म्हणून सगळ्यात खालच्या फ्लँजच्या पुढे ८ मिमीच्या सळीचे दोन उतरते रनर चेसिसला लावा, म्हणजे दगड पाइपवर न आपटता घसरून जाईल. खालून आख्खा पत्रा मात्र मारू नका, दिवाळीनंतर सड्यावरचं वाळकं गवत त्यात अडकून तापलेल्या कॅटजवळ (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बसलं तर पेट घेईल.

हे सगळं करूनही कमी पडलं तर मग गाडी उचला. १३ इंची रिमवर १८५/६० ऐवजी १८५/७० टायर घातले की १८ मिमी मिळतात, स्पीडोमीटर मात्र ६-७ टक्के कमी दाखवेल आणि चाक वळवल्यावर मडगार्डला लागतंय का ते बघावं लागेल. शॉकअपची स्प्रिंग प्लेट फिरवून उचललीत तर चारही सारखी फिरवा आणि नंतर अलाइनमेंट करूनच घ्या.

सायलेन्सर किंवा कॅट काढून जागा करायचा विचार असेल तर सोडा, पीयूसीत अडकाल आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ चं (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं) लफडं वेगळं. काम झालं की एक घाट चढून-उतरून या, पाइप गार होऊ दे आणि सगळे नट पुन्हा आवळा, पहिल्या तापण्या-गार होण्यात ते हमखास सैल पडतात.