कटवर्मचा पतंग ओळखताना या चुका टाळा

हरभरा उगवून आला की सकाळी रोपं जमिनीलगत कापून पडलेली दिसतात, मग ग्रुपवर फोटो येतो आणि खाली सगळे लिहितात कटवर्म, म्हणजे रोपं कापणारी अळी, तिचाच पुढं पतंग होतो. बरोबरय, पण कोणता? आपल्याकडं ॲग्रोटिस इप्सिलॉन तेवढा सगळ्यांना माहीत, त्याचाच भाऊबंद ॲग्रोटिस स्पायनिफेरा भारतात असतो, १८०८ लाच त्याला नाव मिळालंय, पण ते कुणाच्या तोंडी नाही, म्हणून तो समोर बसला तरी इप्सिलॉन म्हणून खपतो. हे वाईट वाटतं राव.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंगावर जाणं. सगळेच मातकट, त्यात एकाच जातीत फिकट-गडद निघतात. खुणा बघा. पुढच्या पंखावर एक गोल ठिपका आणि बाहेरच्या बाजूला किडनीच्या आकाराचा दुसरा असतो. इप्सिलॉनला त्या किडनीच्या बाहेरच्या कडेला चिकटून काळी टोकदार पाचर असते, पंखाच्या कडेकडं रोखलेली. स्पायनिफेराला ती पाचर शोधत बसू नका, त्याची खूण आतल्या अर्ध्या पंखात, बुडाकडून निघालेला लांब बारीक काळा काटा. सेगेटम नावाचा तिसरा पण आहे, त्याच्यात हीच खूण आखूड असते.

पंख मिटलेल्या एकाच फोटोवर नाव देऊ नका. मागचा पंख दिसायला पाहिजे, पण नुसत्या पांढऱ्या मागच्या पंखावर पण विसंबू नका कारण सेगेटमच्या नराचा पण पांढराच.

घाटेअळीच्या कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा सापळा) चुकून दुसरे पतंग पण पडतात, आणि धडपडून त्यांचे खवले झडलेले असतात, तसल्या नमुन्यावरून भांडण नको, लाईटखाली आलेला ताजा पतंग डबीत धरा.

अळीवरून जात सांगणं तर अजून अवघड. मातीत गोल वळून पडली म्हणून काहीजण हुमणी म्हणतात, पण हुमणी पांढरी जाड, पोटाखाली पाय नसतात, आणि ती मुळं खाते. कटवर्मची अळी मळकट करडी, तेलकट दिसणारी. खात्री पाहिजे तर डबीत माती आणि हरभऱ्याचा कोवळा पाला टाकून वाढवा, एका डबीत एकच, कारण एकमेकींना खातात. पतंग निघाला की गाव, तारीख, पीक चिठ्ठीवर लिहून ठेवा, तरीही शंका राहिलीच तर परभणीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभागाला दाखवा, पोटाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघून पक्कं कळतं.